डबीच्या मागची यादी: ओठ आणि त्वचेच्या प्रसाधनांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत दोन डब्या शेजारी ठेवून 'यातली कोणती घेऊ?' असं विचारलं आहे. अनेकांनी मागची घटकांची यादी उतरवून पाठवली, त्यामुळे नेमकं उत्तर देता आलं. पुढची वाक्यं कुणाच्या बाजूने असोत किंवा विरोधात, ती यादीवरून केलेली आहेत, जाहिरातीवरून नव्हे.

प्रश्न : माझ्याकडे दोन लिपबाम आहेत. पहिल्यात पेट्रोलॅटम, पॅराफिनम लिक्विडम, सेरा अल्बा, लॅनोलिन, टोकोफेरिल अ‍ॅसिटेट आहे. दुसऱ्यात रिसिनस कम्युनिस सीड ऑइल, युफोर्बिया सेरिफेरा सेरा, ब्युटिरोस्पर्मम पार्की बटर, मेन्था पिपेरिटा ऑइल, मेन्थॉल, टोकोफेरॉल, लिमोनीन. दुसरा पूर्ण वनस्पतिजन्य म्हणून तोच वापरते, पण सारखा लावूनही ओठ उलतातच. पेट्रोलियमवाला लावायची भीती वाटते.

आधी नावं सोडवू. सेरा अल्बा म्हणजे मधमाश्यांचं मेण, रिसिनस कम्युनिस म्हणजे एरंडेल, युफोर्बिया सेरिफेरा हे कँडेलिला नावाच्या झुडपाचं मेण, ब्युटिरोस्पर्मम पार्की म्हणजे शिआ बटर आणि मेन्था पिपेरिटा हे पेपरमिंटचं तेल. पेट्रोलॅटम ही आपली नेहमीची पेट्रोलियम जेली, पॅराफिनम लिक्विडम हे मिनरल ऑइल. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून निघतं.

ओठांच्या त्वचेचा वरचा थर फार पातळ असतो. तिथे घामाच्या ग्रंथी नसतात आणि तेलग्रंथीही जवळजवळ नसतात. त्यामुळे ओठांतलं पाणी चेहऱ्याच्या मानाने भराभर उडतं. लिपबामचं खरं काम एवढंच, की हे पाणी उडू द्यायचं नाही. या कामात पेट्रोलॅटमला तोड नाही: त्वचेतून उडणारं पाणी ते ९८ टक्क्यांहून अधिक अडवू शकतं, तर बहुतेक तेलांची मजल २० ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. ते खनिज तेलापासून येतं हे खरंच आहे; पण प्रसाधनात वापरलं जाणारं पेट्रोलॅटम शुद्ध केलेलं असतं, त्वचेच्या वरच राहतं आणि त्याची अ‍ॅलर्जी अगदी क्वचित दिसते. अ‍ॅलर्जीच्या तपासणीत इतर पदार्थ त्वचेवर लावायला आधार म्हणून पेट्रोलॅटमच वापरतात, यातच काय ते आलं.

तुमच्या दुसऱ्या बाममध्ये एरंडेल, मेण आणि शिआ बटर यांच्याबद्दल फारशी तक्रार नाही. गोची आहे ती पेपरमिंट तेल आणि मेन्थॉलपाशी. मेन्थॉल ओठांना ओलावा देत नाही, थंडावा जाणवणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. लावल्या लावल्या बरं वाटतं, पण फुटलेल्या त्वचेला ते चुरचुरतं. चुरचुरलं की जीभ ओठांवर फिरते, लाळ सुकताना आणखी पाणी घेऊन जाते, ओठ कोरडे पडतात आणि पुन्हा बाम लावावासा वाटतो. म्हणून तर सारखा लावूनही फरक पडत नाही. लिमोनीन हा अशा तेलांमधला सुगंधी घटक. हवेशी संपर्क येऊन त्याचं ऑक्सिडेशन झालं की तो अ‍ॅलर्जी आणू शकतो. जुनी, अर्धी वापरलेली डबी त्यामुळे जास्त त्रास देते.

पहिला बामही अगदी निर्दोष नाही. काहींना लॅनोलिन सोसत नाही. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०२३ साली 'अ‍ॅलर्जन ऑफ द इयर' म्हणून लॅनोलिनच निवडलं होतं. तेव्हा दोन-तीन आठवडे दुसरा बाम पूर्ण बंद करा आणि फक्त साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली लावा. ओठ पाण्याने ओले करून, नुसते टिपून, ओलसर असतानाच लावा. झोपताना जाड थर द्या. या काळात दुसरं काहीही नवीन सुरू करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

प्रश्न : दोन क्रीममध्ये माझा घोळ होतो. 'अ' : अ‍ॅक्वा, ग्लिसरिन, कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, सेटेअरिल अल्कोहोल, नायसिनामाइड, डायमेथिकोन, फिनॉक्सिइथेनॉल, सेरामाइड एनपी, झँथन गम, सोडियम हायलुरोनेट. 'ब' : अ‍ॅक्वा, सायक्लोपेंटासिलॉक्सेन, ब्युटिलीन ग्लायकोल, अल्कोहोल डिनॅट, फिनॉक्सिइथेनॉल, कार्बोमर, परफ्युम, सोडियम हायलुरोनेट, रोझा कॅनिना फ्रूट ऑइल, गोल्ड. 'ब'च्या डबीवर रोझहिप, सोनं आणि हायलुरॉनिक अ‍ॅसिड ठळक छापलंय. माझी त्वचा कोरडी आहे.

'अ' घ्या. का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण हीच पद्धत तुम्हाला कुठल्याही दोन डब्यांना लावता येईल.

यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण तो क्रम १ टक्क्यापर्यंतच बांधलेला असतो. त्याखालचे घटक उत्पादक हवे तसे पुढेमागे लिहू शकतो आणि रंग शेवटी टाकतो. ही १ टक्क्याची रेघ डबीवर छापलेली नसते, ती आपणच शोधायची. सगळ्यात सोपी खूण म्हणजे फिनॉक्सिइथेनॉल. हे प्रिझर्व्हेटिव्ह युरोपीय नियमांत जास्तीत जास्त १ टक्का चालतं आणि बहुतेक उत्पादक त्या मर्यादेतच राहतात. कार्बोमर आणि झँथन गम हे घट्टपणा आणणारे पदार्थ साधारण ०.१ ते ०.५ टक्के टाकले जातात. यांपैकी काही दिसलं की समजायचं, इथून पुढे सगळं चिमूटभर.

आता 'ब' पुन्हा वाचा. रोझहिप तेल, म्हणजे यादीतलं रोझा कॅनिना, परफ्युमच्याही नंतर आलंय. डबीवर ज्याचा एवढा गाजावाजा, ते वासापेक्षाही कमी असण्याची शक्यता दाट आहे. सोन्याबद्दल न बोललेलं बरं. वरच्या ओळीत काय उरतं? पाणी, लावताना रेशमी वाटणारं आणि थोड्या वेळात उडून जाणारं सिलिकॉन, थोडा ओलावा धरणारं ब्युटिलीन ग्लायकोल, आणि चौथ्याच जागी उडणारं अल्कोहोल. लावताना क्रीम अगदी हलकं वाटेल, पण पंधरा मिनिटांनी त्वचेवर फारसं काही शिल्लक नसेल. तेलकट त्वचेच्या माणसाला हे आवडेलही. तुम्हाला नाही.

'अ'मध्ये दुसऱ्याच जागी ग्लिसरिन आहे, म्हणजे पाणी सोडलं तर सगळ्यांत जास्त तेच. त्यामागे त्वचा मऊ करणारे दोन पदार्थ, मग नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३चं एक रूप), आणि वर पाणी अडवणारं डायमेथिकोन. पाणी खेचणारा, मऊ करणारा आणि अडवणारा असे तिन्ही प्रकार रेघेच्या वर आहेत.

मात्र रेघेखालचं सगळं खोटं, असं धरून चालू नका. सोडियम हायलुरोनेट, म्हणजे हायलुरॉनिक अ‍ॅसिडचंच रूप, दोन्हीकडे खाली आहे आणि त्यात फसवणूक नाही: ते ०.१ ते १ टक्क्यातच वापरतात, जास्त घातलं तर क्रीम तारेदार, चिकट होतं. सेरामाइडही (त्वचेत मुळातच असणारा स्निग्ध पदार्थ) थोडंसंच पुरतं. रेटिनॉल (व्हिटॅमिन ए) तर ०.१ टक्क्यालाही काम करतं. उलट ग्लिसरिन, युरिया आणि नायसिनामाइड यांना प्रमाण लागतं: नायसिनामाइड २ ते ५ टक्के, कोरड्या त्वचेसाठी युरिया ५ ते १०. युरिया २० च्या पुढे गेला की तो टाचांची कडक कातडी सोलायच्या कामाचा, चेहऱ्याच्या नव्हे. हे घटक रेघेखाली दिसले तर ते शोभेपुरते आहेत.

आणि त्रासदायक घटकांना हा हिशोब लागूच होत नाही. सुगंध, मेन्थॉल किंवा मिथाइलआयसोथायझोलिनोनसारखी प्रिझर्व्हेटिव्ह अगदी यादीच्या शेपटाला असली तरी ज्याला सोसत नाहीत त्याला पुरळ आणतात. गुण शोधायचा तर वरून खाली वाचा, त्रास शोधायचा तर खालून वर.

प्रश्न : 'अल्कोहोल असलेलं काही लावू नका' असं सांगतात, पण माझ्या मॉइश्चरायझरमध्ये सेटिल अल्कोहोल आहे. टाकून द्यावं का?

नको. सेटिल, स्टिअरिल, सेटेअरिल आणि बेहेनिल अल्कोहोल हे मेणासारखे घट्ट पदार्थ आहेत. क्रीमला दाटपणा देतात, त्वचा मऊ ठेवतात. जपायचं ते अल्कोहोल डिनॅट, इथेनॉल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांना, आणि तेही पहिल्या पाच-सहा नावांत असतील तर. बेंझिल अल्कोहोल तिसऱ्याच जातीचं: बहुधा प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून थोडंसं असतं.

प्रश्न : लिक्विड मॅट लिपस्टिक लावली की दोन तासांत ओठांवर भेगा दिसतात आणि आतल्या कडेला रंगाचे गोळे होतात. साध्या कांडीच्या लिपस्टिकने असं होत नाही. घटकांत काय फरक असतो?

दोन्हींची घडणच वेगळी. कांडीत एरंडेल किंवा तत्सम तेल, कँडेलिला, कार्नोबा, ओझोकराइट अशी मेणं आणि रंग असतो. तेल ओठांवर राहतं, म्हणून लिपस्टिक मऊ वाटते आणि म्हणूनच कपाला लागते. लिक्विड मॅटमध्ये बहुधा पहिलंच नाव आयसोडोडेकेन असतं आणि लगेच मागे ट्रायमिथाइलसिलॉक्सिसिलिकेट. आयसोडोडेकेन एक-दोन मिनिटांत उडून जातं आणि मागे सिलिकॉन रेझिनचा रंगीत पापुद्रा उरतो. त्यात सिलिका किंवा केओलिन असेल तर उरलंसुरलं तेलही ते शोषून घेतं. ओठ सतत हलतात, पापुद्रा तेवढा ताणला जात नाही, आणि भेगा पडतात.

गोळे होण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा लावण्यातच असतं. खाली लिपबामचा थर राहिला तर पापुद्रा ओठाला धरत नाही, सरकतो आणि गुंडाळला जातो. बाम दहा मिनिटं आधी लावा आणि मग टिश्यूने पूर्ण टिपून काढा. रंगाचा एकच पातळ थर द्या, ओठ एकमेकांना न लावता दीड-दोन मिनिटं थांबा. पहिला थर ओला असताना दुसरा दिला तर वरचा वाळतो, खालचा ओला राहतो, आणि तोच पुढे सुटतो. ओठांच्या आतल्या ओलसर भागापर्यंत रंग नेऊ नका. तिथे तो टिकणारच नाही. काढताना तेलात भिजवलेला कापूस अर्धा मिनिट नुसता दाबून धरा, मग पुसा. पाण्याने घासत बसलात तर पापुद्र्याबरोबर ओठांची सालंही निघतील.

रंग बदलणाऱ्या गुलाबी लिपस्टिकबद्दलही एकीने विचारलंय. त्यात बहुधा सीआय ४५४१० किंवा सीआय ४५३८० असतो (सीआय म्हणजे रंगांच्या यादीतला क्रमांक). ओठांवरचा ओलावा आणि पीएच (आम्लतेची पातळी) यामुळे हा रंग खुलतो आणि त्वचेला धरतो, मनःस्थितीशी त्याचा काही संबंध नाही. सीआय ७५४७० म्हणजे कार्माइन, कोचिनिअल किड्यापासून काढलेला लाल रंग. शुद्ध शाकाहारी प्रसाधन हवं असेल किंवा त्याची अ‍ॅलर्जी असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

प्रश्न : एका सिरमवर '१५% व्हिटॅमिन सी' आणि दुसऱ्यावर '२०% व्हिटॅमिन सी कॉम्प्लेक्स' आहे. दुसरं अधिक प्रभावी ना? पहिलं आता तपकिरी झालंय.

पहिल्याच्या यादीत पाण्यानंतर लगेच शुद्ध व्हिटॅमिन सी, म्हणजेच अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड आहे, म्हणजे १५ टक्के पटण्यासारखे आहेत. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या यादीत व्हिटॅमिन सीचं सौम्य रूप असलेलं सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेट फिनॉक्सिइथेनॉलच्या मागे आहे. तो घटक १ टक्क्यापेक्षा जास्त असणं अवघड. मग २० टक्के कशाचे? 'कॉम्प्लेक्स' या शब्दाचे. कच्चा माल पुष्कळदा पाण्यात किंवा ग्लिसरिनमध्ये पातळ करून विकला जातो आणि त्या तयार द्रावणाचे २० टक्के टाकले तरी डबीवर २० छापता येतात. हायलुरॉनिक अ‍ॅसिड आणि पेप्टाइडच्या आकड्यांतही हीच मेख असते.

शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड १० ते २० टक्के आणि पीएच ३.५ च्या खाली असेल तर त्वचेत नीट उतरतं. २० च्या वर नेऊन फायदा वाढत नाही, चुरचुर वाढते. सोबत व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक अ‍ॅसिड असेल तर ते अधिक टिकतं. रंग पाण्यासारखा किंवा फिकट पिवळा असेतो वापरा. गडद नारिंगी-तपकिरी झालं म्हणजे त्यातलं बरंचसं अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड ऑक्सिडाइझ झालंय, ते टाका. पुढची बाटली लहान, गडद काचेची, अरुंद तोंडाची घ्या. फॉस्फेटसारखी रूपं सौम्य आणि टिकाऊ असतात हे खरं, फक्त ती रेघेच्या वर हवीत.

प्रश्न : एका अ‍ॅपने माझ्या क्रीममधलं आयसोप्रोपिल मिरिस्टेट 'कॉमेडोजेनिक ५' म्हणून लाल दाखवलं. यादीत ते खूप खाली आहे.

मग लाल रंगाला घाबरू नका. पदार्थ त्वचेची छिद्रं किती बुजवतो हे सांगणारी ० ते ५ ची ती मोजपट्टी मुख्यतः सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला पदार्थ लावून केलेल्या चाचण्यांतून आली. ती त्वचा माणसाच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी संवेदनशील असते. सुटा पदार्थ आणि क्रीममध्ये एखादा टक्का मिसळलेला तोच पदार्थ यांचा परिणामही सारखा नसतो. उलट, 'नॉन-कॉमेडोजेनिक' छापायला सगळीकडे मान्य अशी एकच चाचणी नाही. तुमच्या चेहऱ्यावर ६ ते ८ आठवड्यांत नवे दाणे येतात का, हीच खरी परीक्षा. छिद्र बुजून दाणा दिसायला तेवढे दिवस लागतातच. ओठांच्या कडेला बारीक पांढरे दाणे येत असतील तर बाम ओठांच्या रेषेबाहेर पसरतोय का तेवढं पाहा. ओठांवरच दिसणारे अगदी लहान पिवळसर ठिपके बहुधा जन्मजात तेलग्रंथी असतात. त्या फोडू नका.

प्रश्न : घरी मधमाश्यांचं मेण, शिआ बटर आणि जोजोबा तेल घालून बाम केला. पहिल्यांदा फार मऊ झाला, दुसऱ्यांदा रवाळ. मेणाऐवजी कँडेलिला तेवढंच घालू का?

तेवढंच घातलंत तर दगड होईल. कँडेलिला अधिक कडक असतं, मधमाश्यांच्या मेणाच्या निम्मं ते दोन तृतीयांश पुरतं. कार्नोबा त्याहूनही कडक. ते ८० अंशांच्या पुढे वितळतं, मधमाश्यांचं मेण ६२ ते ६५ ला.

३० ग्रॅमच्या कांडीसाठी मेण ८ ग्रॅम, शिआ ७ आणि तेल १५ धरा. डबीत भरायचं असेल तर मेण ५ ग्रॅम घ्या आणि कमी झालेले ३ ग्रॅम तेलात वाढवा. चमच्याने मोजू नका, काट्यावर तोला. मेणाचे दाणे आणि किसलेलं मेण यांचा चमचा सारखा भरत नाही, तुमचा पहिला बाम बहुधा तिथेच फसला. गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात आधी मेण आणि तेल वितळवा, मग शिआ घाला. एक थेंब थंड चमच्यावर टाकून दोन मिनिटं थांबा आणि बोटाने दाबून पाहा. मऊ वाटला तर ओतण्यापूर्वीच अर्धा ग्रॅम मेण वाढवता येतं.

रवाळपणा शिआमुळे येतो. त्यातली वेगवेगळी स्निग्धाम्लं वेगवेगळ्या तापमानाला गोठतात. मिश्रण हळूहळू निवलं की कडक भाग आधी गोठून त्याची कणी बनते. सगळं पुन्हा पूर्ण वितळवा, एकही कण दिसेनासा झाल्यावर पाच मिनिटं गरम ठेवा आणि भांडं थंड पाण्यात धरून ढवळा. कडेला दाटसर दिसू लागलं की डबीत ओता आणि डबी फ्रिजमध्ये ठेवा. कांडीला फ्रिज नको, मध्ये खळगा पडतो.

मध, ग्लिसरिन, कोरफडीचा गर असलं काही घालू नका. तेल-मेणात ते मिसळत नाही, थेंब वेगळे होतात. आणि पाण्याचा अंश शिरला की बुरशीला वाट मिळते. बिनपाण्याच्या बामला प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही ते याचमुळे. तेल खवट होऊ नये म्हणून ०.५ टक्का व्हिटॅमिन ई पुरे.

प्रश्न : 'हायपोअ‍ॅलर्जेनिक' लिहिलेलं क्रीम घेतलं तरी पुरळ आलं. घरी चाचणी कशी करावी?

या शब्दामागे सगळीकडे मान्य अशी ठरलेली कसोटी नाही. 'अनसेंटेड'चंही तसंच: वास झाकायला घातलेला सुगंध त्यात असू शकतो. यादीत परफ्युम, फ्रॅग्रन्स, अरोमा यांपैकी काही नाही आणि सुगंधी तेलंही नाहीत, हे स्वतः पाहा.

चाचणीसाठी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर क्रीम दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस, त्याच जागी लावा. एका दिवसाची चाचणी पुरत नाही, कारण अ‍ॅलर्जीचं पुरळ उमटायला दोन-तीन दिवस लागतात, कधी आठवडाही. धुवून टाकायचं प्रसाधन असेल तर नेहमी जेवढा वेळ ठेवता तेवढाच वेळ ठेवा. रेटिनॉल किंवा अ‍ॅसिडने हलकी चुरचुर होणं वेगळं. खाज, सूज किंवा पुरळ दिसलं तर थांबा.

ओठांच्या बाबतीत एक गोष्ट सुटते: दोष लिपबामचाच असतो असं नाही. टूथपेस्टमधलं सोडियम लॉरिल सल्फेट, पुदिन्याचा किंवा दालचिनीचा स्वाद यांनीही ओठ सोलवटतात, आणि मग एकामागून एक बाम बदलले जातात. तोंडाच्या कोपऱ्यातच चिरा असतील तर कारण यीस्टचा संसर्गही असू शकतो, त्यावर बाम उपयोगाचा नाही. खालच्या ओठावरचा खरखरीत चट्टा किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना ओठांना लागणाऱ्या सगळ्या वस्तूंच्या डब्या न्या, टूथपेस्टची नळीसुद्धा.